हार्ट फेल्युअर होण्याआधीच हृदयाच्या स्नायूची कमजोरी कशी ओळखायची

जिना चढताना धाप लागते, पाय सुजतात, रात्री एकाच्या जागी तीन उशा लागतात. मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्यावर कळतं की हृदयाची ताकद निम्म्यावर आली आहे. हार्ट फेल्युअरचं निदान बहुतेकदा असंच होतं. पण त्या दिवशी कमजोर सापडलेला स्नायू काही त्याच आठवड्यात कमजोर झालेला नसतो. तो कित्येक महिने, अनेकदा कित्येक वर्षं थकत आलेला असतो आणि तेवढा सगळा काळ माणूस स्वतःला ठणठणीत समजत असतो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅममध्ये १९४८ पासून तिथल्या रहिवाशांच्या हृदयाचा अभ्यास चालू आहे. त्यात कसलाही त्रास नसलेल्या सुमारे ३ टक्के लोकांच्या हृदयाची पंपिंगची ताकद कमी आढळली. पुढे त्यांना हार्ट फेल्युअर होण्याचा धोका इतरांच्या चौपटीहून जास्त निघाला.

हा मधला, त्रास नसलेला काळ पकडता येतो. त्यासाठी लागणाऱ्या बऱ्याचशा तपासण्या साध्या आहेत. खरी अडचण अशी की त्या कुणी, कधी आणि कोणत्या क्रमाने करायच्या हे माहीत नसतं आणि रिपोर्ट हातात आल्यावर त्यात काय पाहायचं हेही कळत नाही. पुढचं सगळं त्यासाठी लिहिलं आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. सुरुवातीची कमजोरी एका आकड्यावरून क्वचितच कळते. ती तुलनेतून कळते. गेल्या वर्षीचे तुम्ही आणि आजचे तुम्ही, जुना इको आणि नवा इको, जुना ईसीजी आणि नवा ईसीजी शेजारी शेजारी ठेवले की फरक दिसतो.

स्नायू थकला तरी कळत का नाही

हृदयाचा डावा खालचा कप्पा शरीरभर रक्त ढकलतो. त्याचं आकुंचन थोडं कमी पडलं की शरीर लगेच भरपाई करू लागतं. अ‍ॅड्रेनलिनसारखी संप्रेरकं वाढतात, ठोके जलद होतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात. कप्पा हळूहळू मोठा होतो. मोठ्या कप्प्यातलं कमी टक्के रक्त बाहेर पडलं तरी एकूण रक्त पुरेसं जातं, म्हणून बसल्या जागी किंवा घरातल्या घरात काहीच जाणवत नाही.

पण हीच भरपाई पुढे स्नायूला मारक ठरते. ही संप्रेरकं सतत वाढलेली राहिली की स्नायूच्या पेशी मरतात आणि त्यांच्या जागी व्रणासारखे तंतू तयार होतात. वारंवार ताणलेल्या इलॅस्टिकसारखा कप्पा सैल पडत जातो. सुरुवातीच्या टप्प्यात औषधांचा मोठा उपयोग होतो तो यामुळेच. ही औषधं नेमकी त्या संप्रेरकांना अडवतात.

कमजोरीचा दुसरा प्रकारही आहे आणि तो जास्त चकवतो. यात आकुंचन चांगलं असतं, पण स्नायू जाड आणि ताठ झाल्यामुळे दोन ठोक्यांच्या मधे कप्पा नीट सैल होऊन भरत नाही. हार्ट फेल्युअरच्या जवळपास निम्म्या रुग्णांत पंपिंगचा आकडा नॉर्मलच असतो, कारण दोष भरण्यात असतो. त्यामुळे ‘पंपिंग ६० टक्के आहे, काळजी नको’ एवढ्यावर थांबून चालत नाही.

चार टप्पे

अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या दोन मोठ्या संघटनांनी २००१ मध्ये हार्ट फेल्युअरची चार टप्प्यांत मांडणी केली. ए म्हणजे फक्त धोका आहे, हृदय अजून ठीक आहे. बी म्हणजे हृदयाच्या रचनेत किंवा कामात बदल झाला आहे, किंवा रक्तातल्या खुणा वाढल्या आहेत, पण त्रास काहीच नाही. सी म्हणजे त्रास सुरू झाला. डी म्हणजे आजार फार पुढे गेला. यातल्या बी टप्प्याला २०२१ पासून ‘प्री-हार्ट फेल्युअर’ असं नाव आहे. आपल्याला माणूस ए मध्ये असतानाच लक्ष ठेवायचं आहे आणि तो बी मध्ये गेला तर ते लवकर ओळखायचं आहे.

पायरी १ : आपण धोक्याच्या गटात आहोत का

सरसकट प्रत्येकाचा इको करण्यात अर्थ नाही. धोका कुणाला आहे ते आधी ठरवावं लागतं. कागद घ्या आणि खालच्या गोष्टी आपल्या बाबतीत तपासा.

पहिला मान रक्तदाबाचा. फ्रॅमिंगहॅममध्ये ज्यांना हार्ट फेल्युअर झालं, त्यांच्यापैकी सुमारे ९१ टक्के लोकांना आधीपासून उच्च रक्तदाब होता. हा आकडा वाचल्यावर तरी ‘थोडंसं बीपी आहे’ हे वाक्य आपण सोडून द्यायला हवं. बीपी वाढलेलं असताना हृदय दर ठोक्याला जास्त दाबाविरुद्ध काम करत असतं. भिंत आधी जाड होते, मग ताठ आणि शेवटी कमजोर.

त्यानंतर येतो हार्ट अटॅक, मग तो ‘छोटा’ असला तरी. मेलेल्या स्नायूची जागा व्रण घेतो आणि उरलेल्या स्नायूवर जादा भार पडतो. मग मधुमेह, किडनीचा जुनाट आजार, लठ्ठपणा, झोपेत श्वास अडकणं, झडपांचे दोष, रोजचं किंवा भरपूर मद्यपान. थायरॉइड फार वाढला किंवा फार कमी झाला तरी स्नायू थकतो. हृदय दिवसचे दिवस जलद आणि अनियमित धडधडत राहिलं, तरीही थकतो.

काही गोष्टी लोक डॉक्टरांना सांगायलाच विसरतात, म्हणून त्या वेगळ्या सांगतो.

कॅन्सरचे जुने उपचार. डॉक्सोरुबिसिन आणि त्या कुळातली औषधं, ट्रॅस्टुझुमॅब, छातीवर घेतलेलं रेडिएशन. डॉक्सोरुबिसिनचा परिणाम एकूण डोस वाढत जाईल तसा वाढतो आणि तो उपचारानंतर कित्येक वर्षांनीही दिसू शकतो. लहानपणी ल्युकेमियावर उपचार घेऊन बरा झालेला माणूस चाळिशीत दम लागतो म्हणून येतो आणि ते जुने उपचार कुणाच्या ध्यानात नसतात. तेव्हा औषधांची नावं आणि एकूण डोस लिहिलेला कागद आयुष्यभर जपा.

बाळंतपण. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतर पाच महिन्यांपर्यंत काही स्त्रियांचा हृदयाचा स्नायू अचानक कमजोर होतो. धाप, थकवा, पायांवर सूज ही या काळातली नेहमीचीच लक्षणं मानली जातात आणि आजार निसटतो. गरोदरपणात बीपी वाढलेलं असेल तर पुढच्या आयुष्यातही धोका वाढतो, हे त्या स्त्रीला क्वचितच कुणी सांगतं.

घराण्याचा इतिहास. ‘कुणाला हार्टचा त्रास होता का’ एवढं विचारून भागत नाही. पन्नाशीच्या आत कुणी अचानक गेलं का, कुणाला तरुणपणी पेसमेकर बसला का, कुणाचं ‘हृदय मोठं’ झालं होतं का, असं नेमकं विचारा. टायटिन या प्रथिनाच्या जनुकातले दोष हे कुटुंबात चालत येणाऱ्या डायलेटेड कार्डिओमायोपॅथीचं, म्हणजे कप्पा मोठा होऊन स्नायू कमजोर होण्याच्या आजाराचं, मोठं कारण आहे.

अजून एक खूण अशी आहे की ती हृदयाची असेल असं मनातही येत नाही. उतारवयात दोन्ही हातांना कार्पल टनेलचा (मनगटातली नस दबून मुंग्या येण्याचा) त्रास झाला किंवा त्याचं ऑपरेशन झालं असेल, आणि आता इकोमध्ये हृदयाची भिंत जाड दिसत असेल, तर अ‍ॅमिलॉइडोसिसचा विचार व्हायला हवा. हातातल्या त्रासाच्या वेळीच अ‍ॅमिलॉइड हे चिवट प्रथिन साठू लागलेलं असू शकतं आणि हृदयाची लक्षणं त्यानंतर काही वर्षांनी येतात.

यातलं एकही लागू नसेल, तर बीपी, साखर, वजन यांची नेहमीची तपासणी पुरे. एखादी गोष्ट लागू असेल तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी आहेत.

पायरी २ : स्वतःची स्वतःशी तुलना

बी टप्प्यात त्रास नसतो असं म्हणतात. पण नीट खोदून विचारलं तर अनेकांनी नकळत आपलं वागणं बदललेलं असतं. जिन्याऐवजी लिफ्ट, चालत जायच्या ठिकाणी रिक्षा, नातवाला उचलून घेणं बंद. त्रास होईल अशी कामंच सुटली की त्रासही होत नाही, आणि सगळं वयाच्या खात्यावर टाकलं जातं. म्हणून ‘मला दम लागतो का’ हा प्रश्न बाजूला ठेवा. ‘वर्षभरापूर्वी मी जे सहज करत होतो, त्यातलं आज काय सोडलंय’ असं विचारा. घरच्यांनाही विचारा, त्यांचं उत्तर जास्त खरं असतं.

महिन्यातून एकदा ठरलेला जिना किंवा ठरलेला रस्ता नेहमीच्या वेगाने चाला. मधे थांबावं लागलं का, चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं का, थांबल्यावर श्वास पूर्ववत व्हायला किती वेळ लागला, हे लिहून ठेवा. स्वतःची परीक्षा घ्यायला धावू नका. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबा आणि तशीच नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा.

सकाळी अंथरुणातच नाडी मोजा. विश्रांतीची नाडी पूर्वीपेक्षा सतत जास्त राहत असेल किंवा मधे मधे ठोका चुकत असेल तर तेही लिहा. खाली वाकून बुटाची नाडी बांधताना अर्ध्या मिनिटात धाप लागणं, सपाट झोपल्यावर कोरडा खोकला येणं, रात्री लघवीला पूर्वीपेक्षा जास्त उठावं लागणं, संध्याकाळी मोज्यांचे वळ खोल उमटणं या खुणा एकेकट्या फार काही सांगत नाहीत. पण दोन-तीन एकत्र आल्या आणि त्या नव्या असल्या तर दखल घ्यायलाच हवी. दम लागण्याची कारणं पुष्कळ असतात. रक्त कमी असणं, फुप्फुसाचा आजार, वाढलेलं वजन, हालचालीची सवय सुटणं. त्यामुळे नोंदीवरून स्वतः निदान करू नका. पण ‘हल्ली जरा थकवा वाटतो’ या वाक्यापेक्षा तीन महिन्यांच्या नोंदी डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगतात.

घरी बीपीचं यंत्र असेल तर पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, हात छातीच्या उंचीवर ठेवून मोजा. एका वेळी दोनदा मोजा आणि आठवडाभराची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल तर ते उच्च रक्तदाबात धरतात. मनगटावरची स्मार्ट घड्याळं अनियमित ठोके पकडायला मदत करतात, पण पंपिंगची ताकद त्यांना मोजता येत नाही. घड्याळाने ‘नॉर्मल’ दाखवलं म्हणून निर्धास्त राहू नका.

पायरी ३ : पहिली भेट आणि ईसीजी

पहिल्या भेटीत डॉक्टर बीपी, नाडी आणि मानेतली शीर पाहतील, हृदयाचे आवाज ऐकतील, पाय दाबून सूज बघतील. सोबत साध्या रक्ततपासण्या असतात. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर आणि एचबीए१सी, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, तसंच लघवीतलं अल्ब्युमिन. लघवीत अल्ब्युमिन जाणं ही फक्त किडनीची खूण नाही. अशा लोकांना हार्ट फेल्युअरचा धोकाही जास्त असतो.

ईसीजीने पंपिंग मोजता येत नाही, पण तो बरंच सुचवून जातो. जुन्या, कळलाही नसेल अशा हार्ट अटॅकच्या खुणा, भिंत जाड झाल्याच्या खुणा, एट्रियल फिब्रिलेशन म्हणजे वरच्या कप्प्यांची अनियमित धडधड, आणि विशेष महत्त्वाचा म्हणजे लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक. त्यात डाव्या कप्प्याच्या भिंती एकाच क्षणी आकुंचन पावत नाहीत. तो नव्याने दिसला तर इको करायलाच हवा. पूर्ण नॉर्मल ईसीजी असेल तर पंपिंग खूप कमी असण्याची शक्यता कमी होते, पण शून्य होत नाही. अलीकडे ईसीजीच्या आलेखावरूनच संगणकाच्या मदतीने कमी झालेलं पंपिंग ओळखण्याचे प्रयत्न यशस्वी होऊ लागले आहेत. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधल्या गटाने २०१९ मध्ये अशी पद्धत मांडली. ती सगळीकडे मिळत नाही आणि तिचा निकाल आला तरी खात्री इकोनेच करतात.

पायरी ४ : बीएनपी – रक्तातली खूण

हृदयाची भिंत ताणली गेली की स्नायूच्या पेशी बीएनपी नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. जपानी संशोधकांना ते १९८८ मध्ये डुकराच्या मेंदूत पहिल्यांदा सापडलं, म्हणून नावात मेंदू आला. प्रत्यक्षात ते मुख्यतः हृदयातच तयार होतं. त्याच्या जोडीला तयार होणारा तुकडा म्हणजे एनटी-प्रोबीएनपी. प्रयोगशाळेत या दोहोंपैकी एक मोजतात.

त्रास नसलेल्या माणसात बीएनपी ३५ किंवा एनटी-प्रोबीएनपी १२५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून जास्त असेल आणि धोक्याचे घटक असतील, तर त्याला बी टप्प्यात धरता येतं. मात्र आकडा वाचताना काही सापळे आहेत. वय वाढलं की तो वाढतो, किडनी कमजोर असली की वाढतो, एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वाढतो. लठ्ठ माणसांत उलट तो कमी येतो, त्यामुळे लठ्ठ माणसाचा ‘नॉर्मल’ रिपोर्ट फसवा असू शकतो. सॅक्युबिट्रिल असलेलं हार्ट फेल्युअरचं औषध चालू असेल तर बीएनपी त्या औषधानेच वाढतं. तेव्हा एनटी-प्रोबीएनपी मोजणं योग्य. दरवेळी तीच चाचणी करा. एकदा बीएनपी आणि पुढच्या वेळी एनटी-प्रोबीएनपी मोजलं तर तुलनाच होत नाही.

या तपासणीवर माझा विशेष भर आहे, त्यालाही कारण आहे. आयर्लंडमध्ये स्टॉप-एचएफ नावाचा अभ्यास झाला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चाळिशीपुढच्या, धोका असलेल्या १३७४ लोकांना त्यात घेतलं होतं. एका गटाचं बीएनपी दरवर्षी तपासलं आणि ते ५० च्या वर गेलं की इको करून हृदयतज्ज्ञांच्या देखरेखीखाली उपचार नीट बसवले. दुसऱ्या गटाला नेहमीची काळजी मिळाली. सरासरी चार वर्षांत हृदयाचं काम बिघडण्याचं किंवा हार्ट फेल्युअरचं प्रमाण नेहमीच्या गटात ८.७ टक्के, तर बीएनपी पाहणाऱ्या गटात ५.३ टक्के होतं. एवढ्या साध्या रक्ततपासणीने इतका फरक पडतो.

पायरी ५ : इको, आणि त्यात नेमकं काय वाचायचं

इथे जरा जास्त थांबू या, कारण बहुतेक लोक रिपोर्टची शेवटची ओळ वाचतात आणि कागद कपाटात टाकतात.

इकोला जाण्यापूर्वी जुना रिपोर्ट सोबत घ्या. आज बीपी किती आहे ते मोजून रिपोर्टवर लिहायला सांगा, कारण बीपी फार वाढलेलं असेल तर त्या दिवशीचं पंपिंग कमी दिसू शकतं. शक्य असेल तर दरवेळी त्याच ठिकाणी, त्याच यंत्रावर तपासणी करा. कॅन्सरचे उपचार, मद्यपान, घराण्याचा इतिहास, जे काही असेल ते तपासणाऱ्याला आधीच सांगा. कशासाठी पाहायचं ते माहीत असलं तर ते अधिक नीट पाहिलं जातं.

पहिला आकडा इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे ईएफ. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर जातं ते. १०० टक्के कुणाचंच नसतं. पुरुषांत साधारण ५२ ते ७२ आणि स्त्रियांत ५४ ते ७४ हे नॉर्मल. ४१ ते ४९ म्हणजे थोडं कमी, ४० किंवा त्याखाली म्हणजे कमी. हा आकडा कसा काढला ते पाहा. ‘बायप्लेन सिम्पसन’ पद्धतीने मोजला असेल तर तो जास्त भरवशाचा. नुसत्या नजरेच्या अंदाजाने ‘६० टक्के’ लिहिण्याची पद्धतही सर्रास आहे. मोजून काढला तरी दोन तपासण्यांत पाच-सात अंकांचा फरक निव्वळ मोजणीचा असू शकतो. ६० चं ५६ झालं म्हणून घाबरू नका. पण ६४, मग ५८, मग ५३ अशी उतरण दिसत असेल, तर प्रत्येक आकडा ‘नॉर्मल’मध्ये बसत असूनही तो विषय डॉक्टरांपुढे काढा.

ईएफ दोन परिस्थितींत दिशाभूल करतं. डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली मायट्रल झडप गळत असेल तर रक्त मागेही जातं, त्यामुळे आकडा खऱ्या ताकदीपेक्षा चांगला दिसतो. आणि भिंत जाड, कप्पा लहान असेल तर स्नायू बिघडलेला असूनही टक्केवारी टिकून राहते.

म्हणून दुसरा आकडा मागा, तो म्हणजे स्ट्रेन. पूर्ण नाव ग्लोबल लॉन्जिट्यूडिनल स्ट्रेन, रिपोर्टमध्ये जीएलएस. इकोच्या चित्रातले स्नायूचे ठिपके ठोक्यागणिक कसे सरकतात याचा माग संगणक घेतो आणि स्नायू लांबीत किती टक्के आखडला ते सांगतो. स्नायूच्या आतल्या थरातले तंतू लांबीच्या दिशेने असतात आणि बीपी, मधुमेह, औषधांचा विषारी परिणाम यांचा फटका पहिल्यांदा त्यांनाच बसतो. त्यामुळे ईएफ ठीक असतानाच स्ट्रेन घसरू लागतो. हा आकडा ऋण चिन्हाने लिहितात. साधारण उणे २० च्या आसपास चांगला, आणि उणे १६ पेक्षा शून्याकडे सरकलेला असेल तर तो बिघडलेला धरतात. कॅन्सरच्या उपचारांत मूळच्या आकड्याच्या तुलनेत १५ टक्क्यांहून जास्त घट ही धोक्याची खूण मानतात. म्हणजे उणे २० वरून उणे १७ च्याही अलीकडे. यंत्रागणिक या आकड्यात थोडा फरक पडतो, म्हणून एकाच यंत्राचा आग्रह. स्ट्रेन प्रत्येक इकोत आपोआप काढत नाहीत. तपासणी ठरवतानाच तो हवा असल्याचं सांगावं लागतं.

तिसरी गोष्ट, रचना. भिंतींची जाडी, डाव्या खालच्या कप्प्याचा आकार आणि वजन, आणि डाव्या वरच्या कप्प्याचं आकारमान. वरच्या कप्प्याचं आकारमान शरीराच्या क्षेत्रफळाच्या हिशेबात ३४ पेक्षा जास्त असेल तर खालच्या कप्प्यातला दाब बऱ्याच काळापासून वाढलेला असण्याची शक्यता असते. बीपी आणि मधुमेह असलेल्यांत मी हा आकडा ईएफइतकाच महत्त्वाचा धरतो.

चौथी, भरण्याची क्षमता. ‘ई/ई प्राइम’ हे गुणोत्तर १४ च्या वर असेल तर भरतानाचा दाब वाढलेला असू शकतो. इथे एक दिलासा. रिपोर्टमध्ये ‘ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन’ ही ओळ साठीनंतर फार लोकांना दिसते आणि ते हबकतात. वयानुसार स्नायू थोडा ताठ होतोच. ही ओळ एकटी असेल, वरचा कप्पा मोठा नसेल, बीएनपी वाढलेलं नसेल, तर तिचा अर्थ ‘बीपी आणि वजन सांभाळा’ एवढाच.

पायरी ६ : काही सापडलं तर कारण शोधा

‘पंपिंग ४५’ हे निदान नाही, तो फक्त निष्कर्ष आहे. ते कशामुळे, हे शोधलंच पाहिजे. पहिली शंका हृदयाच्या धमन्यांची. त्यासाठी परिस्थितीनुसार स्ट्रेस टेस्ट, सीटी अँजिओग्राफी किंवा नेहमीची अँजिओग्राफी. होल्टर, म्हणजे अंगावर लावायचं ईसीजी यंत्र, लावून दिवसभरातले जादा ठोके मोजतात. एकूण ठोक्यांपैकी १० टक्क्यांहून जास्त ठोके खालच्या कप्प्यातून उठणारे जादा ठोके असतील, तर तेच कमजोरीचं कारण असू शकतात आणि ते थांबवले की स्नायू सावरतो. झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं असेल तर झोपेची तपासणी. लोहाचं प्रमाण, थायरॉइड, मद्यपान यांचा हिशेब पुन्हा करतात. कारण स्पष्ट होत नसेल तर कार्डिअ‍ॅक एमआरआय. व्रण कुठे आहे, तो हार्ट अटॅकचा की सुजेचा की आनुवंशिक आजाराचा, हे त्याच्याइतकं नीट, शरीरात नळी न घालता होणारी दुसरी कुठलीही तपासणी सांगत नाही. किडनी खूप कमजोर असेल किंवा पेसमेकर असेल तर ते आधी सांगा.

आनुवंशिक आजार निघाला तर आईवडील, भावंडं आणि मुलं यांचाही ईसीजी आणि इको करावा लागतो. तो नॉर्मल आला तरी दर काही वर्षांनी पुन्हा, कारण हे आजार वयाच्या कोणत्याही टप्प्यावर डोकं वर काढू शकतात.

पायरी ७ : त्रास नसताना औषध कशासाठी

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. त्याचं उत्तर १९९२ मध्येच मिळालं आहे. सॉल्व्ह्ड प्रिव्हेन्शन या अभ्यासात ईएफ ३५ किंवा त्याखाली असलेल्या, पण हार्ट फेल्युअरचे उपचार चालू नसलेल्या ४२२८ लोकांपैकी निम्म्यांना एनालाप्रिल हे त्या संप्रेरकांना अडवणारं औषध दिलं. त्यांच्यात पुढे हार्ट फेल्युअर होण्याचं प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त कमी झालं. पुढे १२ वर्षांपर्यंत मागोवा घेतल्यावर आयुष्यही वाढलेलं दिसलं. त्याच वर्षी सेव्ह या अभ्यासाने हार्ट अटॅकनंतर कमजोर झालेल्या हृदयात त्याच कुळातल्या कॅप्टोप्रिलचा फायदा दाखवला. ठोके संथ करणाऱ्या बीटा ब्लॉकर्सचा आधार या उपचाराला नंतर मिळाला. टाइप २ मधुमेह आणि हृदयविकार असलेल्यांत २०१५ च्या अभ्यासात एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या औषधाने हार्ट फेल्युअरसाठी भरती व्हावं लागण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी घटवलं. यातलं कुणाला काय द्यायचं, किती डोस, हे ईएफ, किडनी, पोटॅशियम आणि बीपी पाहून डॉक्टरच ठरवतील. ही औषधं दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून घेऊ नका.

काय टाळायचं हेही विचारा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची औषधं मीठ-पाणी धरून ठेवतात. मधुमेहावरचं पायोग्लिटाझोन, आणि पंपिंग कमी असेल तर डिल्टियाझेम व व्हेरापामिल ही औषधं नुकसान करू शकतात. ही नावं कागदावर लिहून दुसऱ्या आजारासाठी जाल त्या प्रत्येक डॉक्टरला दाखवा. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, तंबाखू पूर्ण बंद, मद्यामुळे स्नायू बिघडला असेल तर मद्यही पूर्ण बंद. आणि व्यायाम सोडू नका. डॉक्टरांनी मुभा दिली की आठवड्याचे १५० मिनिटं चालणं हे उपचाराचाच भाग आहे.

एक चूक फार महागात पडते. औषधांनी ईएफ ३५ वरून ५५ झालं की ‘बरा झालो’ म्हणून गोळ्या बंद होतात. डायलेटेड कार्डिओमायोपॅथीतून सावरलेल्या लोकांवर ट्रेड-एचएफ नावाचा अभ्यास झाला. देखरेखीखाली औषधं थांबवल्यावर सहा महिन्यांत ४० टक्क्यांहून जास्त लोकांचं हृदय पुन्हा बिघडलं. आकडा सुधारला आहे तो औषधं चालू असताना. ती थांबवण्याचा निर्णय एकट्याने घेऊ नका.

पायरी ८ : पुन्हा कधी तपासायचं

याचं एकच उत्तर नाही. धोका आहे पण सगळं नॉर्मल आहे, तर वर्षातून एकदा बीपी, रक्त, ईसीजी आणि बीएनपी, आणि त्यात बदल दिसला तर इको. बी टप्प्यात असाल आणि औषधं सुरू किंवा बदलली असतील तर साधारण तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा इको. हार्ट अटॅकनंतर ईएफ कमी असेल तर सुमारे ४० दिवसांनंतर पुन्हा पाहतात, कारण बधिर झालेला स्नायू त्या काळात जागा होऊ शकतो. ट्रॅस्टुझुमॅब चालू असताना सर्वसाधारणपणे दर तीन महिन्यांनी. डॉक्सोरुबिसिनच्या कुळातल्या औषधांआधी एक, दरम्यान गरजेनुसार आणि संपल्यावर वर्षाच्या आत एक. बाळंतपणात कमजोरी आली असेल तर पुढच्या गरोदरपणाचा विचार करण्याआधी हृदयतज्ज्ञांशी बोलणं अत्यावश्यक आहे, मग इको नॉर्मल झालेला असला तरी.

प्रत्येक तपासणीनंतर एका पानावर एक ओळ लिहा. तारीख, ठिकाण, बीपी, वजन, ईएफ आणि पद्धत, स्ट्रेन, डाव्या वरच्या कप्प्याचं आकारमान, बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी, क्रिएटिनिन. त्या पानाचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि इकोची चित्रं सीडीवर किंवा फाइलमध्ये मागून घ्या, कारण नवा डॉक्टर नुसत्या आकड्यापेक्षा जुनी चित्रं बघून जास्त ठामपणे सांगू शकतो.

पुढच्या तपासणीची तारीख लांब असली तरी काही गोष्टी घडल्या तर तिची वाट पाहू नका. तीन दिवसांत वजन दोन किलोहून जास्त वाढलं, पायांवर नवी सूज आली, सपाट झोपता येईना, तर एक-दोन दिवसांत डॉक्टरांना गाठा. रात्री धाप लागून दचकून जाग आली आणि उठून बसावं लागलं, बसल्या जागी दम लागला, छातीत दाब आला, शुद्ध हरपली किंवा गुलाबी फेसाळ थुंकी आली, तर त्याच क्षणी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा.